ढोल वाजला की तो परसात पळतो

गुहागर तालुक्यातल्या एका आईचं मोठं पत्र आलं आहे. नाव-गाव वगळून थोडक्यात सांगते. मुलगा सात वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत. पत्रात ती त्याला बाबू म्हणते, आपणही तेच म्हणू. घरात सासू-सासरे, धाकटे दीर-जाऊ आणि त्यांचा मुलगा. नवरा मुंबईत नोकरीला. बाबूला पहिल्यापासून मोठे आवाज सोसत नाहीत. पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की कानांवर हात घेऊन कॉटखाली जातो. गणवेशाची कॉलर चावून चावून फाटते. मासळी शिजत असली की स्वयंपाकघराकडे फिरकत नाही. जेवण म्हणजे दहीभात, नाहीतर उकडलेला बटाटा. झोपाळ्यावर मात्र तासन्‌तास. गेल्या गणपतीत आरतीला घर भरलं होतं. झांजा सुरू झाल्या आणि बाबू किंचाळत उठला. चुलत भावाने हात धरून बसवायला पाहिलं, तर त्याला कडकडून चावला आणि काळोखात परसातून विहिरीच्या बाजूला पळाला. पाहुण्यांसमोर शोभा झाली म्हणून सासऱ्यांनी शिक्षा केली: ओटीवरचा झोपाळा काढून माळ्यावर टाकला. सासूबाईंना वाटतं बाहेरचं काही लागलंय. नवरा म्हणतो, आम्ही पण असेच वाढलो, होईल सवय. गुरुजी म्हणतात, शाळेत अगदी शांत असतो. त्यावरून घरचे म्हणतात, 'बघ, शाळेत बरोबर राहतो. घरीच नाटकं. तूच लाडावलंयस.' शिमगा महिना-दीड महिन्यावर आला आहे, पालखी ढोल-ताशांसकट घरी येणार. आईचे प्रश्न असे: त्या दिवसांत त्याला माहेरी ठेवू, की आतापासून रोज मोबाइलवर ढोल लावून सवय करू? स्वतःवर ताबा ठेवायला तो शिकणार कधी? आणि चुलत भावाची त्याने अजून माफी मागितलेली नाही, ती मागायला लावू का?

आधी एक काम करा. माळ्यावरचा झोपाळा खाली काढा आणि होता तिथे टांगा. सासऱ्यांना कसं सांगायचं ते पुढे बघू, पण पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती त्या ओळीपाशी. तुमचा मुलगा स्वतःला शांत करायची एकच गोष्ट आपली आपण शिकला होता, आणि नेमकी तीच शिक्षेत गेली.

झोपाळ्यावर काय होतं ते सांगते, म्हणजे घरात सांगताना तुमच्या हाताशी कारण राहील. आपण पाच इंद्रियं मोजतो. त्याखेरीज आतल्या कानात तोल आणि हालचाल ओळखणारी एक यंत्रणा असते. स्नायू आणि सांध्यांतून शरीर कुठे आहे, किती जोर लागतोय याची खबर मेंदूला जात असते. भूक, लघवी, छातीतली धडधड यांची आतून येणारी जाणीव वेगळीच. या सगळ्या खबरा मेंदू निवडतो, काही दाबतो, काही पुढे पाठवतो. काही मुलांच्या बाबतीत ही निवड नीट होत नाही. एखादी खबर फार मोठी होऊन पोचते, एखादी पोचतच नाही. जीन एअर्स या अमेरिकी व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या) बाईंनी 1972 साली यावर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून या विषयाला आकार आला. एकाच मुलात दोन्ही टोकं असू शकतात. बाबूला आवाज आणि वास जास्त लागतात, पण हालचाल आणि चावण्याचा जोर त्याला कमी पडतो, म्हणून तो शोधत फिरतो. आपला कोकणातला झोपाळा कड्यांवर पुढे-मागे, एका लयीत जातो. अशी लय बहुतेक मुलांना शांत करते. गरगर फिरणं मात्र बऱ्याच मुलांना चेकाळवतं, तेवढं लक्षात ठेवा.

आता 'नाटकं' या शब्दाकडे येते. झांजा बंद खोलीत, डोक्याच्या उंचीवर, सात-आठ माणसं वाजवत असतील तर तो आवाज मोठाच असतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आणि रात्रीची 45 आहे. आपली आरती किंवा शिमग्याचा ढोल त्याच्या कुठल्या कुठे वर जातो. तुमच्या-माझ्या कानांना त्याची सवय झालेली आहे आणि त्यात भक्तीचा, आठवणींचा गोडवा मिसळलाय. बाबूच्या वाट्याला नुसता आवाज येतो. तो खोटं सांगत नाही एवढं घरात एका जरी माणसाने मान्य केलं तरी पुढचं काम निम्मं सोपं होईल. सध्या ते माणूस तुम्ही आहात.

आणि शाळेत शांत असतो, याचा घरच्यांनी जो अर्थ लावलाय तो मला पटत नाही. शांत बसलेलं मूल सुखात असतंच असं नाही. कित्येक मुलं शाळेत दिवसभर दात आवळून सगळं सोसतात आणि घरी, जिथे धाक कमी आणि माया जास्त, तिथे फुटतात. ती कॉलर कधी चावली जाते ते बघा. शाळेतून येताना ती ओली असेल, तर तुमच्या गुरुजींचा शांत विद्यार्थी वर्गात बसून काय करतोय ते कळेल. घरी येऊन तो तुमच्यापाशी कोसळतो यात तुमचा लाड नाही. त्याला तुमच्यापाशी कोसळता येतं, एवढंच त्यातून दिसतं.

तुमच्या पत्रात 'ताबा' हा शब्द चार-पाच वेळा आलाय. ताबा म्हणजे तुम्हाला नेमकं काय हवंय, हे स्वतःला एकदा विचारून बघा. तो झांजांमध्ये मांडी घालून गप्प बसला, पण आत जळत राहिला, तर तो शिकला असं म्हणाल का? पाहुण्यांना बरं वाटेल, पण तो काहीच शिकला नसेल. मला विचाराल तर सात वर्षांच्या मुलाने शिकायच्या गोष्टी तीन. आपल्या आत काय चाललंय ते ओळखणं, ते कोणाला तरी सांगता येणं, आणि मोडतोड न करता बाहेर पडायची वाट माहीत असणं. तिन्ही गोष्टी तो एकट्याने शिकणार नाही. थांबणं, विचार करणं, आवरणं हे काम करणारा कपाळामागचा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. तोवर मूल मोठ्या माणसाच्या शांतपणावर उभं राहतं. आधी आपण त्याला सावरायचं, पुन्हा पुन्हा, त्याच पद्धतीने. मग कधीतरी तीच पद्धत तो स्वतःवर वापरतो. कधी, याची तारीख मी देणार नाही, कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

आत काय चाललंय ते ओळखायला मुलांना काहीतरी मोजमाप लागतं. शहरातल्या शाळांत त्यासाठी रंगीत तक्ते लावतात, चांगले असतात. तुमच्याकडे समुद्र आहे, तोच वापरा. बाबूला भरती-ओहोटी ठाऊक आहे. एखाद्या निवांत संध्याकाळी त्याला घेऊन पुळणीवर बसा आणि ठरवा: पाणी लांब असतं तेव्हा बरं वाटतं, खेळावंसं वाटतं. पाणी ओल्या वाळूपर्यंत आलं की पोटात काहीतरी व्हायला लागतं, कपडे टोचतात. सुरूच्या झाडांना लागलं की कान दुखतात, ओरडावंसं वाटतं. आणि पाणी रस्त्यावर आलं की मग काही ऐकू येत नाही, कळतही नाही. घरातल्या कोणीही त्याला दिवसातून दोन-तीनदा सहज विचारायचं, 'बाबू, पाणी कुठवर आलं?' तो चांगला असतानाही विचारायचं. फक्त चिडल्यावर विचारलंत तर आठवड्याभरात तो प्रश्न ओरडा वाटायला लागेल. तुमचंही सांगा. 'माझं आज ओल्या वाळूपर्यंत आलंय, गॅस संपला आणि पाहुणे येतायत. मी जरा मागच्या दारी जाऊन येते.' मोठं माणूस स्वतःचं पाणी ओळखतं आणि त्यावर काहीतरी करतं, हे त्याने बघायला हवं. तुम्ही रागावून भांडी आपटता त्या दिवशीही तो काहीतरी शिकतच असतो.

सुरूच्या झाडांशी पाणी आलेलं असताना जे काही करता येतं ते करायचं. एकदा रस्त्यावर आलं की शिकवणं बंद. त्या वेळी 'का केलंस', 'सगळे बघतायत', 'आता मोठा झालास' यातलं काही कामाचं नाही. त्याच्या कानांत तुमचा आवाजही आणखी एक आवाज असतो. शब्द कमी, तेही खालच्या पट्टीत. दिवा मंद, माणसं बाहेर. धरून ठेवू नका. भावाने धरलं म्हणून तो चावला, कारण आधीच भरून वाहणाऱ्या अंगावर आणखी एक स्पर्श आला. दुखापतीची भीती असेल तेवढंच आवरा. काही मुलांना अशा वेळी घट्ट मिठी हवी असते, काहींना चालत नाही; हे त्याला शांत असताना विचारून ठेवा. मग थांबा. शरीराला खाली यायला अर्धा-पाऊण तासही लागू शकतो. तो रडायचा थांबला म्हणजे झालं असं समजून लगेच जाब विचारायला बसलात तर पाणी परत चढतं.

इथे एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. तो विहिरीच्या बाजूला पळाला. पत्रात हे वाक्य तुम्ही अर्ध्या ओळीत लिहून पुढे गेलात. संवेदनांनी गांगरलेली मुलं पळतात आणि त्यांतली काही पाण्याकडे ओढली जातात; ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांमध्ये बुडून होणारे मृत्यू ही जगभरची मोठी काळजी आहे. विहिरीला कठडा नसेल तर तो आधी बांधून घ्या, वरून जाळी टाका. परसदाराला त्याचा हात पोचणार नाही अशी वरची कडी. शेजाऱ्यांना सांगून ठेवा की हा एकटा दिसला तर थांबवा आणि हाक मारा. खाडी जवळ असेल तर तिकडच्या लोकांनाही. आणि पोहायला शिकवा, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, पावसाळा सोडून. पाण्याचा दाब अशा पुष्कळ मुलांना आवडतोसुद्धा. पोहणं सोडून हे सगळं शिमग्याच्या आधी व्हायला हवं. बाकीचं सावकाश झालं तरी चालेल.

आता रोजचं. स्नायूंना जोर लावणारी कामं मुलांना जाग्यावर आणतात, हा व्यवसायोपचारतज्ज्ञांचा जुना अनुभव आहे. त्यासाठी दुकानातून काही आणायची गरज नाही, तुमच्या घरात ती कामं पडलेली असतात. पोफळीला, अबोलीला लहान बादलीने पाणी घालणं. उतरवलेले नारळ एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात रचणं, आणि वाटलं तर उद्या परत उलट. पाट्यावर वरवंटा ओढणं. भाकरीचं पीठ निवल्यावर मळणं. शाळेला जायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं, आल्यावर पुन्हा, आणि ज्या दिवशी काही गडबड व्हायची असेल त्या दिवशी तिच्याआधी. हे शिक्षा किंवा व्यायाम म्हणून नको, घरातलं त्याचं ठरलेलं काम म्हणून द्या. आजोबांच्या हाताखाली दिलंत तर उत्तम, त्याचं कारण पुढे येईल. शाळेतून आल्यावर पहिला अर्धा तास प्रश्न विचारू नका. खाणं, झोपाळा, बस.

कॉलरचं सोपं आहे. त्याच्या दातांना काहीतरी चिवट, कडक हवंय. सुक्या खोबऱ्याचा तुकडा, फणसपोळी, आंबापोळी, आवडत असेल तर आमसूल. खिशात बसेल असं ठेवा. कॉलरवर मिरची लावा असं कुणी सुचवलं असेल तर तिकडे लक्ष देऊ नका.

जेवणाबद्दल जपून. समोर मासळी ठेवून 'एक तरी घास' हे थांबवा. तो दहीभातावर आहे तोवर दहीभात मिळेल याची खात्री त्याला असू दे, आणि बाजूच्या ताटलीत वेगळं काहीतरी ठेवा, खायची सक्ती नाही. पण वजन वाढत नसेल, पदार्थ आणखी कमी होत चालले असतील, किंवा पोट साफ होत नसेल, तर ते डॉक्टरांचं काम आहे.

मग ढोलाचं काय? तुम्ही दोनच वाटा मांडल्यात, सवय लावणं किंवा पळवून नेणं. दोन्हींत निर्णय दुसऱ्याचा आहे आणि बाबू सामानासारखा इकडून तिकडे जातोय. मला खटकलं ते हे. मोबाइलवर रोज मोठ्याने ढोल लावून त्याला बसवणं बंद करा, सुरू केलं असेल तर. भीतीत बसवलेलं मूल सवय शिकत नाही, भीती पक्की करतं. तोच मोबाइल त्याच्या हातात द्या. आवाज कमी-जास्त करायचं आणि बंद करायचं बटण त्याच्याकडे. झोपाळ्यावर बसून, अगदी हळू आवाजात, दोन-तीन मिनिटं. पाणी ओल्या वाळूपर्यंत पोचायच्या आत संपवायचं, तो 'अजून' म्हणाला तरी. काही दिवसांनी, एखाद्या दुपारी देवळात सामसूम असताना त्याला खरा ढोल दाखवा. हात लावू दे. वाटलं तर त्यानेच एक टिपरू मारावं. स्वतःच्या हाताने काढलेला आवाज कधी येणार हे ठाऊक असतं, त्यामुळे तो कमी बोचतो. नाही म्हणाला तर घरी या, त्यात काही बिघडत नाही.

कारखान्यात कामगार घालतात तसले कानांवर बसणारे इअरमफ आणून ठेवा. कापसाच्या बोळ्याने फारसं काही होत नाही. मात्र ते दिवसभर घालू देऊ नका. कानांना सतत शांतता मिळाली तर साधे आवाजही मोठे वाटायला लागतात. आरती, पालखी, पत्र्यावरचा मोठा पाऊस, एवढ्यापुरते.

पालखीच्या दिवसाची आखणी मी अशी करेन. पालखी कोणत्या दिवशी तुमच्या वाडीत हे गावात आधी ठरतंच. मानकऱ्यांना भेटा, सासऱ्यांनीच भेटावं. 'पोराच्या कानाला त्रास होतो, ढोलवाल्यांना गडग्याबाहेर ठेवा, पालखी आत आली की वाजप थोडा वेळ थांबवा' एवढंच सांगायचं. आजारी माणसाच्या दारात वाजप हळू करा म्हटलं तर गाव ऐकतं, हेही ऐकेल असं मला वाटतं. नाहीच ऐकलं तर बाकीची तयारी आहेच. बाबूला दिवस कसा जाईल ते आदल्या आठवड्यापासून चित्रं काढून सांगा: आधी आंघोळ, मग नारळ रचणं, मग लांबून ढोल ऐकू येईल, मग इअरमफ. त्याला एक छोटं काम द्या, पालखीसाठी पाटावर नारळ ठेवायचा, ढोल यायच्या आधी. इतकं करून तो मोकळा. मग मागच्या बाजूच्या मांगरात, किंवा जरा लांबच्या शेजाऱ्यांकडे, अंधारी थंड जागा, पांघरूण, खोबरं. तिथे त्याच्याबरोबर एक मोठं माणूस. तुम्हाला ओटी भरायला थांबावं लागेल, म्हणून ते माणूस त्याचे बाबा. शिमग्याला चाकरमानी येतातच. पालखी नाचवायची हौस या वर्षी त्यांनी भावावर सोपवावी. निघायची खूण बाबूनेच द्यायची, हात कानाला लावला की बास. ती खूण पहिल्यांदा दिली की लगेच मानायची, दोन मिनिटं थांब म्हणायचं नाही. एकदा मानली की पुढच्या वेळी त्याला किंचाळावं लागणार नाही.

या सगळ्यावर तो म्हणाला, मला आजीकडे जायचंय, तर जाऊ दे. माहेरी जाण्यात गैर काही नाही. त्याला विचारून, उघडपणे, पालखीच्या आधीचा होळीचा होम बघून गेला तर ती त्याची निवड होते. गुपचूप हलवलं तर तो लपवून ठेवायची वस्तू होतो, आणि मुलांना हे कळतं.

डॉक्टरांकडे जायचं का, हे तुम्ही विचारलेलं नाही. मी सांगते, जायचं. कान, डोळे, दात तपासून घ्या. कानातला मळ किंवा जुना संसर्ग, दुखरी दाढ यांनीही मुलं अशी वागतात. झोप आणि रक्तातलं लोह याबद्दल विचारा. मग मुलांच्या वाढीची जाण असलेल्या डॉक्टरांनी बाबू मुलांत कसा मिसळतो, बोलणं, लक्ष, ठरलेलं बदललं की काय होतं, हे सगळं एकत्र बघायला हवं. पत्रावरून मी त्याला कुठलंही नाव देणार नाही. संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हे 2013 पासून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत ऑटिझमच्या निकषांपैकी एक आहे, पण केवळ संवेदनांच्या अडचणीचा स्वतंत्र आजार त्या पुस्तिकेत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2012 मध्ये सांगितलं की तेवढ्यावरून वेगळं निदान करू नये, मुळाशी दुसरं काही आहे का ते बघावं. म्हणून कुणी पहिल्या भेटीत नाव चिकटवून वर्षभराचं पॅकेज पुढे केलं तर घाई करू नका. ब्रिटनमध्ये 138 ऑटिस्टिक मुलांवर झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, झोपाळे-चेंडू वापरून करायच्या संवेदन-उपचाराचा नेहमीच्या मदतीपेक्षा वागणुकीवर जास्त फायदा दिसला नाही. याचा अर्थ व्यवसायोपचार निरुपयोगी आहे असा मी घेत नाही. चांगला तज्ज्ञ तुमचं घर, तुमची शाळा बघून दिवस कसा बदलायचा ते शिकवतो, आणि तुम्हाला स्वतःवर अवलंबून ठेवत नाही. मुलाला शांत करायला म्हणून विकतात त्या वजनदार गोधड्या, महागडी खेळणी यांवर पैसे घालायच्या आधी विहिरीचा कठडा बांधा.

जायचं कुठे? शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. 2013 पासूनची ही सरकारी योजना आहे, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत. आशाताईंकडून किंवा गुरुजींकडून पथक कधी येणार ते कळेल. त्यांना सांगून जिल्हा रुग्णालयातल्या त्वरित हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी मागा. दुसरी वाट तुमच्या नवऱ्याच्या हातात आहे. ते मुंबईत आहेत, आणि केईएम, सायन, नायर या पालिकेच्या तिन्ही मोठ्या रुग्णालयांत व्यवसायोपचार विभाग आहेत. भारतातली या विषयाची पहिली शाळाच 1950 साली कमला निंबकर यांनी केईएममध्ये सुरू केली. एका सकाळी बाह्यरुग्ण विभागात जाऊन वार आणि वेळ विचारून येणं एवढं काम त्यांना द्या. 'आम्ही पण असेच वाढलो' म्हणणाऱ्या माणसाला युक्तिवादापेक्षा काम दिलेलं लवकर लागू पडतं. कदाचित तेही खरंच असेच वाढले असतील. त्यांना लहानपणी काय सोसत नव्हतं, ते सासूबाईंना विचारा. उत्तर ऐकण्यासारखं असेल.

गुरुजींना तक्रार म्हणून भेटू नका. ओली कॉलर दाखवा आणि तीन गोष्टी मागा. बसायची जागा दारापाशी, खिचडी शिजते त्या बाजूपासून लांब. परिपाठाच्या वेळी किंवा मुसळधार पावसात पत्रे वाजायला लागले की एखादी वही ऑफिसात नेऊन द्यायचं काम. आणि कानाला हात लावायची तीच खूण शाळेतही चालेल एवढं. समग्र शिक्षा योजनेत समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्रातून शाळांना मदत करतात, त्यांना बोलवायला गुरुजींना सांगा. पुढे निदान झालं आणि ते 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत बसलं, तर काही सवलती हक्काच्या असतील. आज त्यासाठी थांबू नका. दारापाशी बसायला दाखला लागत नाही.

सासूबाईंशी श्रद्धेवरून वाद घालू नका. त्यांना देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं असेल तर घालू देत, तुम्हीही हात जोडा. मुलाला धुरी, मार, उपास, कुणा मांत्रिकापुढे बसवणं यातलं काहीही आलं की मात्र ठाम नाही म्हणा. आपल्या राज्यात 2013 पासून अशा अघोरी प्रकारांविरुद्ध कायदा आहे. सासऱ्यांचं वेगळं. त्यांना पाहुण्यांसमोर लाज वाटली, तीही खरी भावना आहे. त्यांच्याशी बोलताना 'तुम्ही चुकलात' असं सुरू करू नका. 'झोपाळा गेल्यापासून तो जास्त चिडतोय का, तुम्हीच बघा. आठवडाभर परत लावू, नाही पटलं तर काढू' असं म्हणा. आणि नारळ रचायचं काम त्यांच्या हाताखाली द्या. ज्या माणसाबरोबर बाबू रोज शांत असतो, त्या माणसाला तो नाटकी वाटेनासा होतो.

तुम्ही स्वतः किती दमला आहात हे पत्रात कुठे लिहिलेलं नाही, पण ते दिसतं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. रात्री सगळे झोपल्यावरही लागतो.

राहिली माफी. लावू नका, लोकांसमोर तर नकोच. चावण्याला माफ करा असंही मी म्हणत नाही. पाणी लांब असेल अशा वेळी त्याला साध्या शब्दांत सांगा: 'दादाला दुखलं. तुझं पाणी रस्त्यावर होतं, तरी त्याला दुखलं.' मग विचारा, दादासाठी काय करूया? तो काहीतरी सुचवेल, कदाचित अगदी भलतंच. खोबऱ्याचा अर्धा तुकडा, झोपाळ्यावर पहिली पाळी. ते करू दे. आणि त्या चुलत भावालाही कुणीतरी जवळ घ्या. तोही लहान आहे, मोठ्यांचं काम करायला गेला आणि चावा खाऊन आला. त्याला सांगा, पुढच्या वेळी हात धरू नकोस, नुसतं 'पाणी कुठवर आलं' विचार आणि काकूला हाक मार.